खालच्या कप्प्यातला डबा

फोन थोरलीनं घेतला. साडेनऊ वाजले होते. दुपारच्या साठ ताटांचा भात धुऊन ठेवला होता आणि मी कांद्याच्या पाट्या मोजत होते. ती तीनदाच बोलली. "हो," "हो," आणि मग "किती?" तिसऱ्या वेळी तिनं ओट्याची कड धरली. माझी थोरली सून कशाची कड धरणारी बाई नाही. लग्न करून आली तेव्हा माझाही हात न धरता उंबरा ओलांडून आली होती, तेव्हाच मी ओळखलं होतं की ही कुणाच्या आधारानं चालायची नाही.

"कालच्या दुपारच्या ऑर्डरची माणसं," फोन ठेवून ती म्हणाली. "एकशेवीसमधल्या चौदा जणांना काल संध्याकाळी सातपासून उलट्या होतायत. तिघं दवाखान्यात आहेत. चौदाही जणांनी कस्टर्ड खाल्लंय. ज्यांनी खाल्लं नाही, ते ठणठणीत आहेत."

"अकरा वाजता तपासणीच्या बाई येतायत," ती म्हणाली. "कुणी काही धुवायचं नाही, कुणी काही फेकायचं नाही. शेगड्या बंद करा."

तिच्या नवऱ्यानं, माझ्या थोरल्यानं, एकेक शेगडी बंद केली. शेवटची बंद करून वळला तो धाकट्याकडे बघूनच. "गाडी," तो म्हणाला. "तुझी गाडी."

"गाडीचं नाव घेऊ नकोस, दादा." धाकटा दारात उभा होता, अजून किल्ली बोटात फिरत होती. "शिजवलं कुणी? मी शिजवलं? मी फक्त इथून उचललं आणि तिथं उतरवलं."

"तासाचा रस्ता पावणेदोन तासांत केलास."

"उडत जायला हवं होतं का?"

"भांडण नको," थोरली म्हणाली. तिचा आवाज आता जागेवर आला होता. "नमुना आहे. काल गाडीत चढवायच्या आधी मी प्रत्येक पदार्थाचा डबा भरलाय, कस्टर्डचासुद्धा. त्यात दोष निघाला तर आपलं स्वयंपाकघर. नाही निघाला तर गाडी. नमुना कुणाचा दीर नाही नि कुणाचा नवरा नाही."

दोघांनीही नमुन्यांच्या छोट्या फ्रीजकडे बघितलं, आणि दोघांच्याही चेहऱ्यावर एकच भीती होती, फक्त उलट्या बाजूंनी.

माझ्या हातातली कांद्याची पाटी मी खाली ठेवली. वाकले ती तशीच वाकून राहिले. कुणाचं लक्ष नव्हतं. म्हातारीची कंबर म्हणून सोडून दिलं असेल.

*

आता हे सांगायला हवंच, नाहीतर पुढचं कुणाला कळायचं नाही.

थोरली तो अन्नसुरक्षेचा बारा दिवसांचा कोर्स करून आली तेव्हापासून आमच्या घरात आकडे शिजायला लागले. गरम ते साठ अंशांच्या वर, थंड ते पाचाच्या खाली, मधल्या जागेत काही ठेवायचं नाही. शिजलेल्या कोंबडीच्या पोटात सुई खुपसून ती आकडा वाचायची, मी म्हणायचे, "ताप आहे का गं तिला?" ती हसायची नाही. तिनं लाल फळी कच्च्या मांसाला दिली, हिरवी भाजीला. हात तर असे धुवायची की तेवढ्यात लोक पापं धुऊन मोकळे होतील. हे सगळं मी चालवून घेतलं. लायसन्सला लागतं म्हणाली, म्हणून चालवून घेतलं. पण एक गोष्ट माझ्या घशाखाली उतरली नाही. ती म्हणजे नमुने.

प्रत्येक ऑर्डरच्या प्रत्येक पदार्थाचा एक डबा भरायचा. चिठ्ठी लावायची. छोट्या फ्रीजच्या खालच्या कप्प्यात तीन दिवस ठेवायचा. आणि तीन दिवसांनी फेकायचा! चांगलं, हात न लागलेलं अन्न. मी या घरात पाच माणसांच्या डब्यांपासून सुरुवात केली. तेव्हा पातेल्याला चिकटलेलंसुद्धा खरवडून खाल्लंय आम्ही. मी तिला म्हटलं, "फेकायचंच असेल तर भर कशाला?" ती म्हणाली, "आई, कधी काही झालं तर पुरावा म्हणून." मी म्हटलं, "माझ्या हातचं खाऊन अजून कुणाला काही झालेलं नाही."

मग मी माझी वाट काढली. जो डबा आज फेकायचा, त्यातलं जुनं मी त्याच पदार्थाच्या नव्या डब्यात भरायचे आणि नवं, ताजं घरात न्यायचे. चिठ्ठी तीच, झाकण तेच. फ्रीजमध्ये जे नाहीतरी कचऱ्यात जाणार ते बसून राहायचं, आणि चांगलं अन्न माणसाच्या पोटात जायचं. वर्षभर हे चाललं. मला चिठ्ठ्यांवरचं बारीक अक्षर वाचता येत नाही, पण डब्यांची रांग मला पाठ होती. आणि खरं सांगायचं तर, मला त्यात मजा यायची. तिच्या एवढ्या आकड्यांतून मी रोज सकाळी सहा वाजता आरपार जायचे आणि तिला पत्ता नसायचा.

धाकट्याच्या बायकोला, धाकटीला, सातवा महिना लागला होता. तिला गोड खावंसं वाटायचं.

त्या सकाळी मी तिला कस्टर्ड दिलं होतं. कालचं. डबाभर.

*

मी जिना चढून वर गेले. आमचं राहतं घर स्वयंपाकघराच्या डोक्यावर आहे. धाकटी खिडकीपाशी बसून बाळाची झबली घडी करत होती, पाय स्टुलावर.

"बरी आहेस ना?"

"मला काय झालंय?" ती हसली. "पाय तेवढे सुजलेत."

"पोटात काही?"

"पोटात तुमचं नातवंड आहे आई, दुसरं काय असणार!"

मी तिच्या कपाळाला हात लावला. गार होतं. "ते कस्टर्ड संपवलंस?"

"चाटूनपुसून. आठ वाजता खाल्लं. का हो, तुम्हाला हवं होतं?"

डबा धुऊन पालथा घालून ठेवला होता. भांडं खरकटं ठेवू नये, हे मीच तिला शिकवलं होतं.

मी मोजायला लागले. लोकांनी काल दीडला जेवून सातच्या सुमाराला ओकायला सुरुवात केली. म्हणजे साडेपाच-सहा तास. हिनं आठला खाल्लं. म्हणजे दोन. दोन वाजेपर्यंत काही कळायचं नाही. आणि मी तिला काहीच बोलले नाही. खाली उतरले. प्रत्येक पायरीवर स्वतःला सांगत होते, की काही झालेलं नाही, माझ्या नाकाला कळलं असतं. पण साखरेच्या दुखण्यामुळे डॉक्टरनं गोड बंद केल्यापासून मी कस्टर्ड जिभेवर ठेवलेलंच नव्हतं. नुसतं हुंगून पास करत होते. हे मला त्या जिन्यात आठवलं.

दीड तास मी गप्प राहिले. माझ्या आयुष्यातली सगळी पापं एका पारड्यात घाला आणि तो दीड तास दुसऱ्यात.

*

तपासणीच्या बाई ठेंगण्या, सपाट चपला घातलेल्या. एका हातात कागदांची फाइल, दुसऱ्या हातात बर्फाची पेटी. आल्या त्या आधी हात धुवायला गेल्या, स्वतःची टोपी स्वतः घातली. थोरलीचा चेहरा जरा उजळला. आपल्या जातीचं माणूस भेटल्यासारखा.

त्यांनी मोरीची जाळी उचलून बघितली. फ्रीजच्या दाराच्या रबरात बोट फिरवलं. थोरली एकेक रजिस्टर पुढं करत होती आणि त्या वाचत होत्या. रजिस्टरं नीट होती. प्रत्येक ओळ भरलेली. आई काही म्हणो, आज हेच मला वाचवणार, असं तिच्या मनात येत होतं, तिनंच मला नंतर सांगितलं.

"कस्टर्ड कधी केलं?"

"परवा संध्याकाळी," थोरला म्हणाला.

"थंड कसं केलंत? ट्रेमध्ये?"

थोरल्यानं अर्धा क्षण माझ्याकडे बघितलं. "ट्रेमध्ये," तो म्हणाला.

परवा थोरली माहेरी होती. परवा संध्याकाळी मीच म्हटलं होतं, "ट्रेमध्ये ओतलं की साय मोडते. पातेल्यातच राहू दे, फडकं घाल, सकाळी फ्रीजमध्ये ढकल." माझी कस्टर्डं अशीच होतात, आधीपासून. अठरा लिटरचं पातेलं. थोरली सकाळी आली तेव्हा ते फ्रीजमध्ये होतं आणि तिच्या सुईनं अकरा वाजता चार अंश दाखवले. आकड्याला काय माहीत रात्रभर पातेलं कुठं होतं.

"नमुना?"

थोरलीनं छोटा फ्रीज उघडला. खालच्या कप्प्यातून डबा काढला, दोन्ही हातांनी, देवासमोर ठेवतात तसा स्टीलच्या टेबलावर ठेवला. "कालचा. अकरा वाजून दहा मिनिटांनी भरलेला."

त्यात मंगळवारचं कस्टर्ड होतं, त्याआधी बरेच दिवस कस्टर्ड झालंच नव्हतं म्हणून न बदललेलं. मंगळवारी साठ माणसांनी ते खाल्लं होतं आणि कुणाची साधी ढेकर बिघडली नव्हती.

बाईंनी पिशवी काढली, दोरा काढला, लाख काढली. मी बघत होते आणि माझ्या डोक्यात सगळं अगदी स्वच्छ दिसत होतं. हे सील होईल. तपासायला जाईल. निर्दोष निघेल. पातेलं सुटेल, थोरला सुटेल, लायसन्स सुटेल, माझं नाव सुटेल. अडकेल ती गाडी. अडकेल धाकटा. तो तरुण आहे, निस्तरेल. मी फक्त तोंड बंद ठेवायचं. आयुष्यात मला ते कधी जमलं नव्हतं. आज जमत होतं.

"साक्षीदाराची सही लागेल," बाई म्हणाल्या. "आजी, तुम्ही करता?"

"सही येते त्यांना," थोरली म्हणाली.

पेन माझ्या हातात आलं. मला माझं नाव लिहिता येतं. चार अक्षरं, एकमेकांना न टेकणारी. मी पहिल्या अक्षराची रेघ ओढली.

वर नळ सुरू झाला. धो धो. आणि त्यात कसलातरी आवाज, खोकल्यासारखा.

पेन खाली पडलं.

"तो डबा कालचा नाही," मी म्हणाले. "कालचा मी काढला. सकाळी सहाला. धाकटीला खायला दिला."

*

नळ धाकटीनं कपडे खळबळायला सोडला होता. खोकला म्हणजे खोकलाच होता. पण ते मला नंतर कळलं.

थोरली माझ्याकडे बघत राहिली. "आज?"

"रोज."

"किती दिवस?"

"वर्ष झालं."

तिनं डोक्यावरची टोपी काढली, हातात धरली, परत घातली. तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर मी दोन परत दिल्या असत्या आणि आम्ही दोघी सुटलो असतो.

बाईंनी लाखेची कांडी बाजूला ठेवली. "किती वाजता खाल्लं?"

"आठ."

"कितवा महिना?"

"सातवा."

"आधी दवाखाना. आत्ता. गरोदर बाईचं लगेच बघावं लागतं, आणि डॉक्टरांना कारण माहीत असायला हवं, नाहीतर नेहमीच्या मळमळीचं औषध देतील. कागद मग करू. पण हे स्वयंपाकघर आज बंद." त्या फोन लावत लावत बोलत होत्या. "आणि खाल्लेला डबा?"

"धुतलेला आहे," मी म्हणाले.

"म्हणजे नमुना उरलेला नाही."

"आहे," थोरली म्हणाली. "वर आहे. जावेच्या पोटात."

धाकटा तोवर जिन्यात पोचला होता. तीन-तीन पायऱ्या टाकत.

*

गाडीत काय झालं ते मला धाकटीनं सांगितलं, खूप दिवसांनी.

तिला पुढं बसवून त्यानं गाडी काढली. एका हातात स्टिअरिंग, दुसरा तिच्या मनगटावर. ती म्हणाली, "अहो, मला काहीच होत नाहीये, घाबरवता कशाला?" तो म्हणाला, "देव करो आणि गाडीच असो."

"म्हणजे?"

"काल चढावर गाडी ओढत नव्हती. मी मागचं कूलिंग बंद केलं. पाऊण तास. वर पोचलो तेव्हा डबे घामेजले होते. मी पुसले आणि उतरवले." मग तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "गाडीनं नासलं असेल तर तू खाल्लंस ते चांगलं होतं. गाडीत चढायच्या आधी काढलेलं होतं ते. कळतंय का तुला? माझीच चूक असायला हवी. माझीच असू दे."

सकाळी जो आपल्या गाडीसाठी भावाच्या अंगावर धावून गेला, तो बाराच्या आत असं बोलत होता.

*

दवाखान्याच्या पॅसेजमध्ये एक बाक होता आणि समोर भिंतीवर घड्याळ. धाकटीला आत झोपवलं होतं; पोटावर पट्टा बांधला होता आणि त्या यंत्रातून बाळाच्या छातीचा आवाज बाहेरपर्यंत येत होता. टकटकटकटक. इतका भराभर की मला वाटलं घाबरलंय. नर्स म्हणाली, "असाच असतो आजी."

साडेबारा. एक. धाकटा बसत नव्हता. थोरला बसलेला उठत नव्हता. थोरली बाकाच्या दुसऱ्या टोकाला, मांडीवर पिशवी. तिच्या आणि माझ्या मध्ये दोन माणसं बसतील एवढी जागा, आणि तिथं कुणी बसलं नाही.

दीडच्या सुमाराला ती बोलली, समोर बघत. "डबा भरताना मला दरवेळी वाटायचं, हा कधी उघडायची वेळ येऊ नये. वर्षभर मी निवांत झोपले. खालच्या कप्प्यात आपलं खरं ठेवलेलं आहे म्हणून."

काय बोलणार? अन्न वाया जाऊ नये म्हणून केलं, असं? आतल्या खोलीकडे तोंड करून असं म्हणायला जीभ वळेना.

"मी गाडीचं कूलिंग बंद केलं होतं, दादा," धाकटा एकदम म्हणाला. "काल. पाऊण तास."

थोरल्यानं मान वर केली. सकाळी हे ऐकलं असतं तर त्यानं टाळ्या पिटल्या असत्या. आता त्याचा चेहरा पांढरा पडला. "मी ट्रे वापरले नाहीत," तो म्हणाला. "बाईंना खोटं सांगितलं. पातेलं रात्रभर ओट्यावर होतं."

"का?" थोरलीनं विचारलं. "ट्रे धुऊन, पुसून ठेवून गेले होते मी."

"कंटाळा केला."

"तुम्ही? कंटाळा?"

"हो. कंटाळा." त्यानं माझ्याकडे बघितलंच नाही. चाळीस वर्षांचं पोर माझं, लहानपणी फुटलेल्या काचेसाठी धाकट्याच्या वाट्याचा मार खायचा तसा पुन्हा पुढं होऊन उभा होता.

"गप्प बस," मी म्हणाले. "साय मोडते म्हणून मी नको म्हटलं. मी सांगितलं पातेल्यातच राहू दे. त्याचा काही दोष नाही."

थोरलीनं पहिल्यांदा माझ्याकडे वळून बघितलं. राग नव्हता त्यात. राग असता तर सोपं गेलं असतं.

मग आम्ही चौघं घड्याळाकडे बघत बसलो. आता भांडण उरलं नव्हतं. चौघांनाही एकच हवं होतं, गाडी दोषी निघावी. धाकट्यालाही. धाकट्याला सगळ्यात जास्त.

दोन वाजले. आत शांत होतं. टकटकटकटक.

दोन वाजून दहा. नर्स बाहेर येऊन म्हणाली, "पाणी मागतायत. बऱ्या आहेत." धाकटा भिंतीला टेकला. "गाडी," तो पुटपुटला. "गाडीच." त्याचे डोळे भरून आले आणि तो हसत होता. मी मनातल्या मनात त्या गाडीला हात जोडले.

दोन वाजून पंचवीस मिनिटांनी आतून आवाज आला. एकदा. मग पुन्हा. ओकारीचा आवाज ओळखायला मला वेळ लागत नाही. तीन पोरांची आई आहे मी, त्यातलं एक असल्याच आवाजात माझ्या मांडीवर गेलं. नर्स धावली, डॉक्टरीण धावली, दार बंद झालं. बंद दारामुळे टकटक ऐकू येईनाशी झाली.

धाकटा खाली बसला, फरशीवर. "गाडी का नव्हती गं, आई," तो म्हणाला. लहान मुलासारखा. "गाडीच असायला हवी होती."

मी त्याच्या डोक्यावर हात ठेवायला गेले आणि थांबले. माझा हात मलाच नको वाटला.

अर्ध्या तासानं डॉक्टरीण बाहेर आली. "सलाइन लगेच लावलंय. काय खाल्लं, कधी खाल्लं हे आधी कळलं म्हणून तयारीत होतो. बाळाचे ठोके आहेत. पण उद्या दुपारपर्यंत मी काही सांगणार नाही. विचारू नका." आणि तिनं दार उघडं ठेवलं.

थोरलीनं पिशवीतून रजिस्टर काढलं. दवाखान्यात यायच्या घाईतही तिनं ते बरोबर घेतलं होतं. "बाईंना संध्याकाळी द्यायचंय," ती म्हणाली. "सांगा. मी लिहिते."

"आण इकडं," मी म्हणाले.

मला वेळ लागला. नावापलीकडं मी लिहिलेलंच नाही कधी. अक्षरं वर-खाली गेली, एक शब्द तर थोरलीनं बोटानं हवेत काढून दाखवला. पातेलं रात्रभर बाहेर मी ठेवायला लावलं. नमुना मी काढला. सुनेला मी दिला. खाली माझं नाव, चार अक्षरं. यावेळी रेघ अर्धी सोडली नाही.

थोरलीनं वाचलं. कोपऱ्यातली एक रिकामी चौकट दाखवली.

"वेळ घाला," ती म्हणाली. "वेळेशिवाय नोंद धरत नाहीत."

मी घड्याळाकडे बघितलं. आतून टकटक येत होती, भराभर, न थांबता. ती ऐकत ऐकत मी आकडा घातला.